आधी मैदान, मग प्रेक्षक : छत्तीसगढच्या निमित्ताने महिला फुटबॉलचा विचार

महिलांच्या फुटबॉलविषयी एक युक्तिवाद इतक्या वेळा केला जातो की तो आता स्वयंसिद्ध सत्यासारखा वाटू लागला आहे. हा खेळ पाहण्यात लोकांना रस नाही, म्हणून प्रायोजक पैसा लावत नाहीत. पैसा नाही म्हणून सामने आडवेळी आणि आडबाजूच्या मैदानांवर उरकले जातात. आणि अशा सामन्यांना शे-दोनशे माणसेही जमत नाहीत, हे दाखवून लोकांना रस नसल्याचा मूळ मुद्दा पुन्हा सिद्ध झाला असे मानले जाते. या मांडणीत प्रेक्षकांची मनोवृत्ती हे कारण ठरते आणि रिकामे मैदान हा परिणाम. गेल्या शतकभराचा इतिहास पाहिला, तर हा क्रम बराचसा उलटा असल्याचे दिसते. चांगले मैदान, ठरलेले वेळापत्रक आणि प्रेक्षकांना आपल्या वाटणाऱ्या खेळाडू जिथे एकत्र आल्या, तिथे माणसे आधी जमली आणि त्यांची मते नंतर बदलली. रायपूर आणि त्याच्या दक्षिणेकडील बस्तर यांची तुलना केली असता हा मुद्दा विशेष स्पष्ट होतो.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि मुंबई–हावडा लोहमार्गावरील रायपूर हे व्यापारी शहर त्याची राजधानी झाले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली असून चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ ही त्या वस्तीची जुनी खूण आहे. खेळ पाहण्याची हौस या शहराला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. नवा रायपूरमधील शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम हे देशातील मोठ्या क्रिकेट स्टेडियमांपैकी एक असून तेथे २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यात एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्याहून लक्षणीय उदाहरण हॉकीचे आहे. २०१५च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हॉकी वर्ल्ड लीगची अंतिम फेरी रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल हॉकी स्टेडियमवर झाली आणि भारताने नेदरलँड्सला हरवून कांस्यपदक मिळवले. क्रिकेटच्या तुलनेत मागे पडलेल्या हॉकीलाही आधुनिक मैदान आणि जागतिक दर्जाची स्पर्धा मिळाल्यावर याच शहराने आपलेसे केले. त्या तोलामोलाची जागा महिला फुटबॉलला मात्र राजधानीत अद्याप मिळालेली नाही. राज्यात हा खेळ रुजला तो तेथून शेकडो किलोमीटर दूर, जंगलपट्टीतील आश्रमशाळांच्या मैदानांवर.

महिलांचे फुटबॉल पाहण्यास लोक पूर्वी कधीच येत नव्हते आणि आता काळ बदलल्यामुळे येऊ लागले, ही समजूतही ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील पुरुष आघाडीवर गेल्याने दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया कामाला लागल्या आणि तेथेच त्यांचे संघ उभे राहिले. प्रेस्टन येथील डिक, केर या कारखान्याचा संघ त्यांत सर्वाधिक नावाजला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले होते आणि आत जागा नसल्याने हजारो लोक बाहेरच राहिले होते. यानंतर वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. या बंदीचे स्वरूप नीट लक्षात घेतले पाहिजे. स्त्रियांनी खेळू नये असा कायदा झाला नव्हता, प्रेक्षकांनी पाहू नये असा हुकूमही निघाला नव्हता. बंद झाली ती फक्त बसण्याची सोय, तिकीटखिडकी आणि कुंपण असलेली मैदाने. तेवढे पुरेसे ठरले. पुढील सुमारे पन्नास वर्षे इंग्लंडमधील महिलांचा खेळ सार्वजनिक बागांत आणि मोकळ्या माळांवर कसाबसा जिवंत राहिला, आणि त्या काळात वाढलेल्या पिढ्यांना महिला फुटबॉलला प्रेक्षकच नसतात हे निसर्गनियमासारखे वाटू लागले.

इतर देशांतही असेच घडले. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत आणि पश्चिम जर्मनीत १९५५ पासून १९७० पर्यंत महिलांच्या फुटबॉलवर वेगवेगळ्या स्वरूपाची बंदी होती. बंदी उठू लागताच १९७१ साली मेक्सिकोत महिलांची एक जागतिक स्पर्धा भरली. तिला फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या ‘फिफा’ची मान्यता नव्हती, तरीही मेक्सिको आणि डेन्मार्क यांच्यातील अंतिम सामन्यास अझ्टेका स्टेडियममध्ये लाखाच्या घरात प्रेक्षक असल्याची नोंद आहे. फिफाने स्वतःची महिला विश्वचषक स्पर्धा १९९१ साली चीनमध्ये सुरू केली. १९९९ साली अमेरिकेतील अंतिम सामना ९०,१८५ प्रेक्षकांनी पाहिला. २०२२ साली बार्सिलोनाच्या महिला संघाच्या दोन सामन्यांना प्रत्येकी ९१ हजारांहून अधिक लोक उपस्थित होते. आणि २०२३ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे झालेल्या विश्वचषकातील ६४ सामन्यांना मिळून सुमारे १९ लाख ७८ हजार प्रेक्षक लाभले.

हे आकडे वाचताना उच्चांक आणि सरासरी यांतील फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. उच्चांक म्हणजे एखाद्या सामन्याला जमलेली सर्वांत मोठी गर्दी. तिच्यामागे अंतिम सामन्याचे औत्सुक्य, सवलतीची तिकिटे, शाळांतून आणलेली मुले अशी अनेक कारणे असू शकतात. सरासरी म्हणजे हंगामातील सर्व सामन्यांच्या एकूण उपस्थितीला सामन्यांच्या संख्येने भागून येणारा आकडा, आणि लोकांना सामन्याला जाण्याची सवय लागली आहे की नाही हे तिच्यावरूनच कळते. इंग्लंडमधील महिला सुपर लीगची सरासरी उपस्थिती २०२२च्या युरोपीय विजेतेपदानंतर झपाट्याने वाढली, परंतु २०२४-२५च्या हंगामात ती आधीच्या हंगामापेक्षा घसरली. एखाद्या विजयाने उसळलेला उत्साह आपोआप टिकत नाही; त्याला दर आठवड्याच्या वेळापत्रकाची जोड द्यावी लागते, हाच या घसरणीचा अर्थ आहे.

भारतातील इतिहास याहून वेगळा असला, तरी त्यातील धडा तोच आहे. १९७५ साली महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि पुरुषांचा खेळ चालवणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या क्षेत्राकडे १९९०च्या दशकापर्यंत फारसे लक्ष दिले नाही. तशा अवस्थेतही कोझिकोड येथे १९८०च्या आरंभी झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या आणि १९८३ साली बँकॉकमध्ये त्यांनी ते यश पुन्हा मिळवले. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे खेळ महासंघाकडे आला; पण सामन्यांची संख्या इतकी रोडावली की २००९ साली निष्क्रियतेमुळे भारतीय संघाचे नाव फिफाच्या क्रमवारीतूनच वगळले गेले. मुली खेळत होत्या, मणिपूरसारख्या राज्यांत गावोगावी स्पर्धा होत होत्या. परंतु राष्ट्रीय पातळीवर त्यांना नियमित सामनेच नव्हते.

२०१६-१७च्या हंगामात ‘इंडियन विमेन्स लीग’ सुरू झाली, तेव्हा ही पोकळी काही प्रमाणात भरली. लीग म्हणजे प्रत्येक संघाने इतर सर्व संघांशी खेळून गुण मिळवण्याची पद्धत. एका पराभवाने संघ बाहेर पडत नसल्यामुळे खेळाडूंना अधिक सामने मिळतात. तरीही पहिल्या काही हंगामांत सर्व संघांना एकाच शहरात आणून काही आठवड्यांत स्पर्धा संपवली जात असे. त्यामुळे तमिळनाडूचा संघ अहमदाबादेत आणि मणिपूरचा संघ दिल्लीत खेळे, आणि त्यांचे स्वतःचे पाठीराखे हजारो किलोमीटर दूर राहत. २०२३-२४पासून या स्पर्धेत ‘होम अँड अवे’ पद्धत आली, म्हणजे प्रत्येक संघ निम्मे सामने स्वतःच्या गावी आणि निम्मे प्रतिस्पर्ध्याच्या गावी खेळू लागला. प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण मुळात आपला संघ आपल्या गावात खेळतच नसेल, तर प्रेक्षकाने जायचे तरी कुठे? मैदानावरही प्रगती दिसली. जुलै २०२५ मध्ये चियांग माई येथे भारताने थायलंडला २–१ असे हरवले आणि संगीता बासफोरच्या दोन गोलांच्या बळावर पात्रता फेरी खेळून प्रथमच आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळवला.

मराठी वाचकांच्या परिचयाचे नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम याच प्रक्रियेचा एक वेगळा पुरावा देते. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तेथे सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाचा पराभव केला. भारताचा संघ मात्र गटातील तिन्ही सामने हरून आधीच बाहेर पडला होता. तीन वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, त्याच मैदानावर भारतीय महिलांनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक खचाखच भरलेल्या प्रेक्षागारासमोर जिंकला. महिला क्रिकेटला ही गर्दी एका रात्रीत मिळालेली नाही. २०२२ साली पुरुष व महिला खेळाडूंना समान सामनामानधन देण्याचा निर्णय झाला, २०२३ साली महिला प्रीमियर लीग सुरू झाली, सामने संध्याकाळी प्रकाशझोतात आणि दूरचित्रवाणीवर दिसू लागले, आणि स्मृती मानधना किंवा जेमिमा रॉड्रिग्ज ही नावे घराघरांत पोहोचली. विश्वचषक हे त्या व्यवस्थेचे फळ होते.

छत्तीसगढमधील महिला फुटबॉलच्या वाटचालीत अशी मोठी व्यवस्था दिसत नाही; दिसतात त्या निवासी शाळा. बस्तरमधील जगदलपूरजवळील डिमरापाल येथे धरमपाल सैनी यांनी १९७६ पासून आदिवासी मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले. सैनी हे विनोबा भावे यांचे अनुयायी, आणि त्यांच्या संस्थेला असलेले ‘माता रुक्मिणी’ हे नाव विनोबांच्या आईचे. ज्या माउलीच्या इच्छेतून विनोबांनी ‘गीताई’ लिहिली, तिचे नाव बस्तरच्या जंगलातील मुलींच्या आश्रमाला लाभावे, ही महाराष्ट्र आणि छत्तीसगढ यांना जोडणारी एक फारशी ठाऊक नसलेली गोष्ट आहे. सैनी यांना १९९२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या आश्रमांत अभ्यासाच्या बरोबरीने धावणे आणि मैदानी खेळ हा दिनक्रमाचा भाग राहिला आणि त्यातूनच मुलींचा फुटबॉल संघ तयार झाला. २०२२-२३च्या हंगामात ‘माता रुक्मणी एफसी’ हा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला, तेव्हा गोकुलम केरळसारख्या विजेत्या, व्यावसायिक संघाच्या गटात त्याला खेळावे लागले. मोठ्या फरकाचे पराभव अटळ होते आणि ते झालेही. परंतु ज्या भागाचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत बहुधा चकमकी आणि भूसुरुंग यांच्या संदर्भात येई, तेथील मुली राष्ट्रीय लीगमध्ये खेळल्या, ही घटना त्या निकालांपेक्षा अधिक काळ टिकणारी आहे.

नारायणपूरचे उदाहरण याला पूरक आहे. रायपूरपासून २०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, अबूझमाड या दुर्गम डोंगराळ प्रदेशाच्या तोंडाशी वसलेल्या या छोट्या गावात रामकृष्ण मिशनचा आश्रम १९८५ साली सुरू झाला. रायपूरच्या विवेकानंद आश्रमाचे संस्थापक स्वामी आत्मानंद हेच त्यामागील प्रेरणास्थान होते. अबूझमाडमधील मुलांसाठी शाळा, वसतिगृह आणि दवाखाना चालवणाऱ्या या आश्रमाने फुटबॉलची मैदाने इतक्या चांगल्या रीतीने तयार केली की अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने वीस वर्षांखालील पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा येथे भरवली, आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये राज्यांच्या महिला संघांमधील राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरीही येथेच झाली. ही स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडक या नावाने ओळखली जाते, आणि मणिपूरने तिचे विजेतेपद आजवर २० हून अधिक वेळा पटकावले आहे. महानगरात अशी स्पर्धा वर्तमानपत्रातील चार ओळींत मावते. नारायणपूरसारख्या गावात मात्र देशभरातील नामवंत महिला खेळाडू चालत जाता येईल अशा अंतरावर खेळताना दिसणे ही शाळकरी मुलींच्या दृष्टीने अपूर्व गोष्ट असते. बालोद जिल्ह्यातून पुढे आलेली किरण पिस्दा भारतीय संघातून आणि केरळा ब्लास्टर्ससारख्या क्लबाकडून खेळली, पुढे क्रोएशियातील दिनामो झाग्रेबपर्यंत पोहोचली, हेही या मुलींना ठाऊक असते. आणि घरात ‘बॉल लाथाडून काय मिळणार?’ हा प्रश्न निघाला, तर त्यांच्याजवळ एक जिवंत उत्तर असते.

निवासी शाळेतूनच हा खेळ का वाढला, याचा विचार केला म्हणजे मनोवृत्ती कशी बदलते हेही उलगडते. घरी राहणाऱ्या मुलीला संध्याकाळी मैदानावर जायचे असेल, तर तिच्यासमोर चार-पाच अडथळे एकाच वेळी उभे राहतात: पाणी भरणे आणि स्वयंपाकात हातभार लावणे याची ती वेळ असते, मैदान दूर असते, परतताना अंधार पडतो, अर्धी चड्डी घालून रस्त्याने जाण्यावर शेजारीपाजारी बोलतात, आणि मैदानावर कपडे बदलण्याची खोली किंवा स्वच्छतागृह नसते. वसतिगृहात यांतील जवळजवळ प्रत्येक अडथळा न बोलता दूर होतो. खेळाची वेळ ठरलेली असते, मैदान दारात असते, सगळ्याच मुलींचा वेश सारखा असल्याने त्याची चर्चा होत नाही, आणि जेवणाची सोय असते. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार छत्तीसगढमधील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि ९० मिनिटांच्या खेळात रक्तातील लोहाची कमतरता जाणवल्यावाचून राहत नाही. मुलींनी खेळावे की नाही यावर आश्रमाने पालकांशी तात्त्विक वाद घालण्याची गरजच पडत नाही. मुलगी खेळते, जिल्ह्याबाहेर जाते, प्रमाणपत्र घेऊन येते, आणि पालकांचे मत त्या क्रमाने सरकत जाते. २०२४ साली सुरू झालेल्या बस्तर ऑलिंपिकमध्ये सात जिल्ह्यांतील सुमारे १ लाख ६५ हजार स्पर्धकांनी भाग घेतला आणि त्यात फुटबॉलचाही समावेश होता, यावरून हा प्रवाह आता आश्रमांच्या आवाराबाहेर पडत असल्याचे दिसते.

या प्रारूपाची मर्यादाही स्पष्ट आहे. वसतिगृहातील मुलगी शाळा संपली की घरी परतते, आणि तिथे तिला संघ नसतो, मैदान नसते, लग्नाची बोलणी मात्र तयार असतात. आश्रमशाळा खेळाडू घडवू शकते. तिला दहा वर्षे खेळत ठेवण्याचे काम शहरांतील क्लब, विद्यापीठे, रेल्वे आणि पोलीस दलांतील खेळाडूंच्या जागा आणि नियमित राज्य लीग यांनाच करावे लागते. शहरी वस्तीतही ते जमू शकते, याचे उदाहरण रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवरील नागपुरात आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ या उपक्रमात पुढे मुलींचाही सहभाग वाढत गेला. बारसे यांच्या कार्यावर आधारित ‘झुंड’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट २०२२ साली आला आणि देशभर पोहोचला.

रायपूरसमोरील काम यावरून निश्चित होते. बस्तर आणि बालोद येथील मुलींनी खेळाची बाजू सिद्ध केली आहे. उरते ती पाहणाऱ्यांची सोय. राज्याच्या महिला लीगचे सामने वर्षातील ठरावीक महिन्यांत, शनिवार-रविवारी संध्याकाळी, प्रकाशझोताची व्यवस्था असलेल्या आणि शहर बसने पोहोचता येईल अशा एका ठरलेल्या मैदानावर होणे. त्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी वृत्तपत्रांत येणे. प्रेक्षागारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी असणे. आणि प्रत्येक सामन्याची उपस्थिती मोजून ती प्रसिद्ध केली जाणे, एवढ्या गोष्टींना कोणत्याही नव्या स्टेडियमची गरज नाही. शहरातील शाळा, गणेशोत्सव मंडळे आणि महाराष्ट्र मंडळासारख्या जुन्या संस्था यांनी मुलींचा एकेक संघ दत्तक घेतला आणि आपल्या सभासदांना त्याच्या सामन्यांना नेले, तर सरासरी उपस्थितीचा पाया घातला जाईल. १९२१ साली इंग्लंडने मैदानाचे दार बंद करून पन्नास हजारांचा प्रेक्षकवर्ग घालवला होता. रायपूरला तो मिळवायचा असेल, तर लोकांची मने बदलण्याची वाट न पाहता आधी मैदानाचे दार उघडावे लागेल.